खापरपणजीचं माहेर शोधायचं तर

एकोणिसाव्या शतकात मराठवाड्यात नांदायला आलेल्या बाईचा शोध तिच्या नावाने घेऊ नका. कागद बाप, नवरा, भाऊ यांच्या नावाचे असतात. त्यात पुष्कळ घरांत लग्नात मुलीचं नावही बदलायचे. आधी माहेरचं गाव काढा, मग भावाचं नाव, आणि शेवटी ती.

गाव घरातल्या म्हाताऱ्या बायका सांगतात. पुरुषांना बहुधा नुसतं आडनाव ठाऊक असतं. या बायकांना जन्मसाल विचारू नका. पहिल्या बाळंतपणाला ती कुठे गेली, मुलांच्या लग्नात मामा कोणत्या गावाहून आले, असं विचारा. वयाचा अंदाज 1876-77 किंवा 1899-1900 च्या दुष्काळावरून बांधता येतो: तेव्हा ती लेकुरवाळी होती की परकरी पोर?

गाव हाती लागलं की त्र्यंबकेश्वर, नाशिक किंवा पैठणच्या तीर्थोपाध्यायांचे चोपडे, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांच्या नोंदवह्या, पाहा. तिथे आडनाव आणि मूळ गाव सांगावं लागतं. इथे बहुतेक जण चुकतात, सासरच्याच उपाध्यायांकडे जातात. माहेरचे उपाध्याय वेगळे असू शकतात. तरी सासरचा चोपडाही सोडू नका. तिच्या मुलाने तीर्थश्राद्ध केलं असेल तर संकल्पात मातामह, म्हणजे तिच्या वडिलांचं नाव घ्यावं लागतं. ते लिहून ठेवलेलं असलं तर निम्मं काम झालं. कर्नाटक सीमेलगतच्या गावांत हेळव्यांकडेही, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्यांकडेही, वंशावळ मिळते, पण तिच्यात लेकी क्वचितच असतात.

मग तहसीलचा अभिलेख कक्ष. खासरा पत्रक, पाहणी पत्रक (जमीन कोणाकडे, पीक कोणतं याच्या नोंदी) आणि जुने फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी) यांच्या नकला मागा. अर्जात गाव आणि सर्व्हे नंबर हवाच. हे कागद बहुतेक विसाव्या शतकातले, तेव्हा त्यांत ती स्वतः नाही, तिच्या भावाचे वारस शोधायचे. विधवेच्या नावे जमीन चढली असेल तरच बाई कागदावर येते. मराठी नोंदीत ‘भ्र.’ किंवा ‘कोम’ यापुढे नवऱ्याचं नाव असतं, उर्दूत बाईच्या नावाआधी ‘मुसम्मात’ आणि विधवा असल्यास ‘बेवा’. ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार. घाईत वाचणारे त्याला भाऊ समजतात आणि सगळी वंशावळ वाकडी होते.

निजामी कागदांवर फसली सन, म्हणजे महसुली साल, असतो. त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो, पण महिना न पाहता मिळवले तर एका वर्षाचा फरक पडू शकतो. शक १८०० सारखा आकडा दिसला तर तिथे 78 मिळवायचे. मोडी किंवा उर्दू येत नसेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. नुसता अर्थ घेऊ नका, अक्षरशः उतरवून घ्या. नावातला गोंधळ तिथेच उघडा पडतो.

जिल्हाही तपासा. लातूर 1982 साली उस्मानाबादेतून वेगळा झाला, जालना 1981 साली औरंगाबादेतून, हिंगोली 1999 साली परभणीतून. आणि उस्मानाबादच्या जागी एकोणिसाव्या शतकात नळदुर्ग जिल्हा होता. गाव जहागिरीतलं असेल तर जुने कागद तहसीलला नसण्याचीच शक्यता जास्त. मग छत्रपती संभाजीनगरचं पुराभिलेखागार किंवा हैदराबादचं राज्य अभिलेखागार.

आणखी एक ठेच: मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरात सासू आणि सून एकाच माहेरच्या असतात, शिवाय नातीला आजीचंच नाव ठेवलेलं असतं. अशा दोन ‘गंगाबाई’ वेगळ्या करायच्या त्या नवऱ्याच्या नावावरून आणि सालावरून. आडनावावर जाऊ नये.