गंडलेला स्पगेटी वेस्टर्न वीस मिनिटांत कसा ओळखायचा

स्पगेटी वेस्टर्न म्हणजे साठ-सत्तरच्या दशकात इटालियन लोकांनी काढलेले काउबॉय पिक्चर, शूटिंग स्पेनच्या अल्मेरियाकडे नाहीतर रोमच्या आसपास. 1964 ला सर्जिओ लिओनेचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' तुफान चालला आणि मग जो उठला तो घोडे भाड्याने घेऊन सुटला. शेकड्याने पिक्चर निघाले, त्यातले मूठभर एक नंबर, काही टाइमपास आणि बाकी डोक्याला ताप.

आधी नाव बघा. 1966 ला सर्जिओ कॉर्बुचीचा 'जँगो' आला, फ्रँको नीरो चिखलातून शवपेटी ओढत येतो तो. हिट झाला आणि त्यानंतर जँगो नावाचा पूरच आला, पण नीरो स्वतः जँगो म्हणून परत आला तो डायरेक्ट 1987 ला. मधल्या कितीतरी पिक्चरमध्ये जँगो नावाचं पात्रच नाहीये, जर्मनीत रिलीज करताना नाव चिकटवून दिलं बस. म्हणून टायटलमध्ये उसना हिरो दिसला की सावध, आणि जँगो नि सार्ताना (हापण असाच उसना घेतला जाणारा हिरो) दोघं एकत्र दिसले तर अजूनच सावध.

पण डबिंगवरून पिक्चरला नावं ठेवू नका प्लीज. तिकडे तेव्हा आवाज नंतरच भरायचे, सेटवर एकजण इटालियनमध्ये बोलतोय, दुसरा स्पॅनिश, तिसरा इंग्लिश, मग ओठ जुळणार कसे, लिओनेच्या पिक्चरमध्येपण नाही जुळत. त्यापेक्षा कोणी बोलत नसताना काय ऐकू येतं ते ऐका.

म्हणजे कसं, तर 1968 चा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' लावा, पहिला सीन. तीन गुंड स्टेशनवर गाडीची वाट बघतायत, बाकी काही घडतच नाही. पवनचक्की कुरकुरतेय, एकाच्या टोपीवर पाणी टपटप पडतंय आणि तो हलत नाही, टोपीत साठू देतो, दुसऱ्याच्या तोंडावर माशी बसलीये ती तो शेवटी पिस्तुलाच्या नळीत पकडतो आणि कानाशी धरून ऐकत बसतो. संगीत नाही, डायलॉग जवळपास नाही, तरी आपण हलत नाही कारण गाडी येणारे आणि गाडीतून कोणीतरी उतरणारे. (याच पिक्चरमधल्या हत्याकांडाची आठवण 'शोले'तल्या ठाकूरच्या घरचा सीन बघताना येते, ती उगाच नाही.)

आता घोडा टेस्ट. परवा रात्री एक पिक्चर लावला, नाव नाही सांगत, त्यात हिरो घोड्यावरून निघाला तो निघालाच, मी उठून चहा टाकला, उकळला, गाळला, परत आलो तरी साहेब त्याच टेकडीला वळसा घालतायत आणि झाडपण तेच, फक्त आता उलट्या बाजूने. कुठे चाललाय माहीत नाही, कोणी वाट बघतंय का तेपण नाही. संथ असणं हा दोष नाहीच, पण लिओने वाट बघायला लावतो आणि हे लोक रीळ भरतात. वीस मिनिटांत असे दोन घोडाप्रवास झाले की समजा स्क्रिप्ट चार पानांची होती.

मग गोळीबार बघा. कोण कुठे उभा आहे हे कळतंय का? चांगल्या पिक्चरमध्ये आधी जागा दाखवतात, अंतर दाखवतात, मग डोळे. गंडलेल्यात डोळ्यांवर झूम, परत झूम, धाड धाड आणि छपरावरून एक माणूस खाली, तो वर कधी चढला देव जाणे.

फक्त निकाल देण्याआधी प्रिंट चेक करा. हे पिक्चर बरेचसे टेक्निस्कोपमध्ये शूट केलेले, त्यात फिल्म निम्मी लागते म्हणून स्वस्त आणि फ्रेम मात्र लांबलचक. जुन्या टीव्हीसाठी कापलेली कॉपी असेल तर द्वंद्वात दोन बाजूंना दोन नाकं दिसतात आणि मध्ये नुसतं मैदान. त्यात बिचाऱ्या डिरेक्टरची चूक नाही.

आणि नापास झाला तर सरळ बंद करा, शेवटी सुधारेल या आशेवर बसू नका. पण टायटल म्युझिक तेवढं परत ऐका, कारण साध्यासुध्या पिक्चरलापण तिकडे भारी संगीतकार मिळायचे. लिओनेच्या पिक्चरना म्युझिक देणारा मोरिकोने, त्याचं संगीत कंडक्ट करणारा ब्रुनो निकोलाय, त्याने 'आदिओस सबाता'ला दिलेलं म्युझिक ऐका, पिक्चर नाही बघितला तरी चालेल.