होलेपचे प्रशिक्षण निवडण्यापूर्वी काय पारखावे

होल्मियम लेझरने प्रोस्टेटची वाढलेली गाठ आवरणापासून सोडवून काढण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे होलेप, हातात बसण्यास साधारणतः २० ते ५० रुग्ण लागतात, असे मानले जाते. त्यामुळे दोन दिवसांच्या वर्गातून कोणी तयार सर्जन होऊन बाहेर पडत नाही, हे गृहीत धरूनच चौकशी करावी.

आयोजकांना पहिला प्रश्न लेखी विचारावा: लेझरचा फायबर माझ्या स्वतःच्या हातात किती वेळ असेल? पडद्यावर थेट शस्त्रक्रिया पाहणे उपयुक्त असते, पण तो सराव नव्हे. एका सिम्युलेटरमागे (सरावाच्या कृत्रिम यंत्रामागे) दोनपेक्षा अधिक शिकाऊ असतील, तर तो वर्ग सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यानंतर अभ्यासक्रमातील दोन टप्पे बारकाईने पाहावेत. गाठीच्या टोकाशी, मूत्रनियंत्रक स्नायूलगत काम करताना स्कोपचा (मूत्रमार्गातून आत घातलेल्या दुर्बिणीचा) ताण किंवा उष्णता स्नायूवर पडली, तर रुग्णाला पुढे लघवी रोखता न येण्याचा धोका असतो. म्हणून तेथील श्लेष्मल त्वचा (आतले ओलसर अस्तर) आधीच सोडवून घेण्याची पद्धत शिक्षक प्रत्यक्ष करून घेतात का, हे विचारावे. दुसरा टप्पा मॉर्सेलेटरचा, म्हणजे गाठीचे तुकडे करणाऱ्या यंत्राचा. सोडवलेली गाठ मूत्राशयात ढकलून तिचे तुकडे करून ती शोषून घेतली जाते; त्या वेळी रक्तस्राव थांबलेला नसेल किंवा मूत्राशय पुरेसा फुगलेला नसेल, तर पाते मूत्राशयाच्या भिंतीलाच पकडू शकते. या भागाची अर्ध्या तासात बोळवण करणारा वर्ग मला धोकादायक वाटतो.

यंत्रही तपासावे. होल्मियमची तरंगलांबी सुमारे २१०० नॅनोमीटर असते, तर याच कामासाठी वापरल्या जाणाऱ्या थुलियम फायबर लेझरची १९४० च्या आसपास. दोहोंत ऊतीचे वागणे वेगळे भासते, तेव्हा आपल्या रुग्णालयात जे यंत्र आहे किंवा येणार आहे, त्यावरच शिकावे. शक्य असल्यास शस्त्रक्रियागृहातील परिचारिकेलाही सोबत न्यावे, कारण मॉर्सेलेटरची जोडणी तिच्याच हाती असते.

सर्वांत निर्णायक प्रश्न वर्ग संपल्यानंतरचा आहे. आपल्या पहिल्या काही शस्त्रक्रियांना अनुभवी सर्जन शेजारी उभे राहतील का, आणि नंतरच्या चित्रफिती पाहून चुका दाखवतील का? शिक्षक स्वतःच्या गुंतागुंतींबद्दल मोकळेपणाने बोलतात का, हेही पाहावे. पहिले रुग्ण मध्यम आकाराच्या गाठीचे निवडून त्यांच्या तारखा जवळजवळ लागत असतील, तेव्हाच नाव नोंदवावे. महिन्याला एखादाच रुग्ण येणार असेल, तर तूर्त थांबावे.