ओट्यावरची सावली कशी घालवली

आमच्या स्वयंपाकघरात छताच्या मधोमध २० वॉटची एलईडी ट्यूब होती, तरी आई भाजी निवडायला खिडकीपाशी जायची. ओट्याकडे तोंड केलं की दिवा पाठीमागे, आणि आपलीच सावली नेमकी भाजीवर. मी जास्त वॉटची ट्यूब आणली, सावली तिथेच! शेवटी वायरमनकडून भिंतीवरच्या कपाटांच्या तळाला, पुढच्या कडेलगत, ४००० केल्व्हिनची एलईडी पट्टी लावून घेतली (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका उजेड पिवळसर). शेगडीची वाफ लागू नये म्हणून तिथली जागा सोडली. आता तांदळातला खडासुद्धा दिसतो. आईचं समाधान बघून फार बरं वाटलं.

झोपायच्या खोलीतला ६५०० केल्व्हिनचा पांढराफेक उजेड डोळ्यांना खुपायचा. तिथे ३००० चा पिवळसर दिवा लावला. बाबांच्या वाचायच्या खुर्चीमागचा दिवा अजून राहिलाय.