जॅक-२ चाचणीचा रिपोर्ट कसा वाचायचा

हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट वारंवार वाढलेले दिसले की रक्तपेशी बेसुमार तयार होण्याचा विकार आहे का, हे पाहायला रक्तविकारतज्ज्ञ जॅक-२ या जनुकाची तपासणी लिहून देतात. रिपोर्टवर ‘म्युटेशन डिटेक्टेड’ (जनुकात बदल सापडला) दिसलं की घरात पहिला प्रश्न मुलांचा निघतो: त्यांनाही होईल का? म्हणून त्याचं उत्तर आधी. हा बदल जनुकातला असला तरी आई-वडिलांकडून आलेला नसतो. अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळपेशीत तो जन्मानंतर घडतो आणि तिच्यापासून तयार होणाऱ्या रक्तपेशींपुरताच राहतो. तो मुलांकडे जात नाही, त्यामुळे सरसकट मुलांची किंवा भावंडांची तपासणी करण्यात पैसे घालवू नका. जवळच्या नात्यात आणखी कुणाला असा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा.

रिपोर्टमध्ये आधी पाहायचं ते तपासणीचं पूर्ण नाव. बहुतेक वेळा तिथे ‘व्ही६१७एफ’ असतं. जॅक-२ हे प्रथिन पेशीला ‘वाढ’ हा निरोप पोचवतं. त्यातल्या ६१७व्या जागी व्हॅलिनऐवजी फेनिलअ‍ॅलॅनिन आलं की निरोप नसतानाही ते चालूच राहतं आणि पेशी तयार होत राहतात. हा बदल २००५ मध्ये सापडला. ‘एक्झॉन १२’ (याच जनुकाचा दुसरा भाग), ‘सीएएलआर’ आणि ‘एमपीएल’ (दुसरी जनुकं) ही वेगळ्या तपासण्यांची नावं आहेत. ती रिपोर्टवर नसतील तर त्या झालेल्याच नाहीत असं समजा.

आता टक्केवारी. समजा, ‘अ‍ॅलील बर्डन २८ टक्के’ लिहिलंय. म्हणजे नमुन्यातल्या जॅक-२ जनुकाच्या दर १०० प्रतींपैकी २८ बदललेल्या आहेत. कॅन्सर २८ टक्के पसरला, असा याचा अर्थ मुळीच नाही. प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात. त्यातली एकच बदललेली धरली तर हा बदल साधारण ५६ टक्के पेशींत आहे. आकडा ५० च्या वर गेला की काही पेशींत दोन्ही प्रती बदलल्या आहेत हे नक्की. तांबड्या पेशी वाढणाऱ्या पॉलिसायथेमिया व्हेरात, म्हणजे पीव्हीत, असं बऱ्याचदा दिसतं. नुसत्या प्लेटलेट वाढणाऱ्या इसेन्शियल थ्रॉम्बोसायथेमियात, म्हणजे ईटीत, क्वचित. आकडा १ टक्क्याच्या आत असेल तर घाईने आजाराचं नाव देऊ नये. वय झालेल्या माणसांत रक्ताचे आकडे व्यवस्थित असतानाही एवढा अंश सापडू शकतो.

इथे एक घोळ नेहमी होतो. काही प्रयोगशाळा टक्केवारी देतात, तर काही बदललेल्या प्रतींचं न बदललेल्यांशी गुणोत्तर देतात. गुणोत्तर १ म्हणजे ५० टक्के. दोन ठिकाणचे आकडे शेजारी ठेवून ‘वाढलं’ म्हणू नका. पुन्हा तपासायचं असेल तर त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने तपासा. नमुना जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए नळीतच जायला हवा. हिरव्या टोपणाच्या नळीतलं हेपॅरिन पीसीआरमध्ये, म्हणजे जनुकाच्या प्रती वाढवून तपासण्याच्या पद्धतीत, अडथळा आणतं. उपाशीपोटी राहायची गरज नाही.

‘नॉट डिटेक्टेड’ आलं म्हणजे सुटलो असंही नाही. पीव्हीच्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत व्ही६१७एफ सापडतं, उरलेल्यांपैकी बहुतेकांत एक्झॉन १२ मध्ये बदल असतो. ईटीत मात्र ते साधारण ५० ते ६० टक्क्यांतच असतं. म्हणून प्लेटलेट ४.५ लाखांच्या वर टिकून असतील तर पुढे सीएएलआर आणि एमपीएल पाहतात, आणि बीसीआर-एबीएल ही जनुकाची तपासणीही करून क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया हा रक्ताचा कॅन्सर नाही ना, याची खात्री करतात. त्याआधी साधी कारणं तपासा: लोह कमी असणं, जंतुसंसर्ग, सूज, प्लीहा काढलेली असणं. आपल्याकडे प्लेटलेट वाढण्यामागे लोहाची कमतरता फार वेळा सापडते.

आता सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा रिपोर्ट, शेजारी घ्या, कारण आजाराचं नाव एकट्या जॅक-२वरून ठरत नाही. हिमोग्लोबिन पुरुषांत १६.५ च्या वर, स्त्रियांत १६ च्या वर, किंवा हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा हिस्सा) अनुक्रमे ४९ आणि ४८ टक्क्यांच्या वर असेल तर पीव्हीचा विचार होतो. पुढे एरिथ्रोपोएटिन या तांबड्या पेशी वाढवणाऱ्या संप्रेरकाची पातळी आणि बहुतेकदा अस्थिमज्जेची बायॉप्सी. पोटातल्या यकृताच्या शिरांत गुठळी झालेल्यांचे आकडे साधे दिसू शकतात: प्लीहा मोठी झाल्याने प्लेटलेट तिथे अडकतात आणि प्लाझ्मा वाढल्याने हिमोग्लोबिन खाली दिसतं. तिथे जॅक-२ पॉझिटिव्ह आलं तर ‘सीबीसी नॉर्मल आहे’ म्हणून रिपोर्ट बाजूला ठेवू नका.

निदान पक्कं झालं की पहिलं उद्दिष्ट गुठळ्या टाळण्याचं. पीव्हीत रक्त काढून हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांच्या खाली ठेवतात, जोडीला बहुतेकांना कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन असते. वय ६० च्या वर असेल किंवा आधी गुठळी झाली असेल, तर पेशी कमी करणारं औषधही लागतं. प्लेटलेट १० लाखांच्या वर असतील तर अ‍ॅस्पिरिन स्वतःहून सुरू करू नका. अशा वेळी रक्त गोठवणारा व्हॉन विलेब्रँड घटक कमी पडून उलट रक्तस्राव होऊ शकतो.

सगळ्यात जास्त फसवतो तो असा सीबीसी: हिमोग्लोबिन १४.६, तांबड्या पेशी ७.२ दशलक्ष, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ६४. हिमोग्लोबिन ठीक, पेशी बारीक, म्हणून कुणी लोहाच्या गोळ्या देतं. पण पेशींची संख्या पाहा. लोह संपल्यामुळे झाकलेला पीव्ही असाच दिसतो, आणि लोह मिळताच हिमोग्लोबिन भराभर चढून गुठळीचा धोका वाढतो. थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक दोषातही पेशी बारीक आणि संख्येने जास्त असतात. पण त्यात पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट सहसा वाढत नाहीत, आणि इलेक्ट्रोफोरेसिस या तपासणीत एचबीए-२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार साधारण ३.५ टक्क्यांच्या वर जातो. म्हणून डॉक्टरांकडे जाताना जॅक-२च्या रिपोर्टसोबत फेरिटिनचा (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा) रिपोर्ट आणि घरात असतील तेवढे जुने सीबीसी तारखेप्रमाणे लावून न्या. लोहाची गोळी चालू असेल तर ती कधीपासून, हेही वरच्या कागदावर लिहा.