गावात इतिहास सांगायला उभं राहायचंय? एक वीरगळ पुरे

आपल्या वर्गातल्या मुलांपुढे आणि गावकऱ्यांपुढे गावच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की बहुतेक शिक्षक थेट शिवकाळाला हात घालतात. पाचव्या मिनिटाला पारावरचे आजोबा टोकतात आणि बोलणाऱ्याची बोबडी वळते. त्यापेक्षा वेशीजवळ किंवा शंकराच्या देवळामागे पडलेला एक वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, घ्या आणि त्याच्यावरच वीस मिनिटं बोला.

वीरगळ खालून वर वाचायचा. तळाच्या चौकटीत लढाई किंवा पडलेला वीर असतो. तिथे गाई कोरल्या असतील तर तो गुरं राखताना मेला असं मानतात. त्यावर अप्सरा त्याला स्वर्गात नेतात, त्याच्याही वर तो शिवलिंगाची पूजा करतोय. माथ्यावरचे चंद्र-सूर्य म्हणजे ते असेपर्यंत त्याची कीर्ती. शेजारी कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला तर ती सतीशिळा, म्हणजे सती गेलेल्या बाईच्या आठवणीचा दगड.

वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा. ऊन समोरून आलं की शिल्प सपाट दिसतं, बाजूने तिरपं आलं की उठून येतं. पूर्वेला तोंड असलेल्या दगडापाशी सकाळी मुलांना उभं केलं तर त्यांना काहीच दिसणार नाही. संध्याकाळी अंधारात बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून बाजूने मारली तर झिजलेली अक्षरंही सापडतात. त्यांच्यात खडू किंवा पीठ मात्र भरू नका. अक्षरांत शक सापडला तर 78 मिळवा: शके 1690 म्हणजे इसवी सन 1768. महिना माघ-फाल्गुन असेल तर 79.

बोलताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा: दगडावर काय दिसतं, कागदात काय आहे, लोक काय सांगतात. खरा धीर यातूनच येतो, पाठांतरातून नाही. बहुतेक वीरगळांवर नाव नसतं. ‘हा आमच्याच घराण्यातला’ असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका. ‘लोक सांगतात’च्या रकान्यात त्यांच्यासमोर लिहून घ्या. नाव स्वतःहून ठोकून दिलंत तर पुढच्या जत्रेत त्यावरून दोन भावक्या भांडतील. उत्तर येत नसेल तर ‘बघून सांगतो’ म्हणा, आणि आठवड्याभरात खरंच सांगा.

एका वेळी बारा-पंधरा मुलंच घ्या. जास्त झाली की मागच्यांना फक्त पाठी दिसतात. म्हाताऱ्यांना सावलीत खुर्च्या द्या, मुलांना प्रश्न विचारायला लावा.

यानंतर उत्साह येतो आणि घोळ तिथेच होतो. ऑइलपेंट, तारेचा ब्रश, ॲसिड, सिमेंट, सगळं बंद. कोरडा मऊ ब्रश आणि साधं पाणी बास. शेंदूर असेल तर पूजा चालू आहे. हात लावण्याआधी पूजा करणाऱ्यांशी बोला. दगड स्वतः उपटू नका: खालची चौकट बऱ्याचदा मातीत गेलेली असते आणि पहारीने तीच फुटते. आधी चारही बाजूंनी, मापासाठी शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, जागा, दिशा आणि उंची-रुंदी वहीत लिहा. हलवायचाच असेल तर राज्याच्या पुरातत्त्व विभागाला विचारा.

ग्रामसभेत (सहसा 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर) ‘वारसा जपा’ असा मोघम विषय नेला तर टाळ्या पडतात, काम होत नाही. मागणी मोजकी ठेवा: दगडाभोवतीचा उकिरडा हलवावा, माहितीचा एक फलक लावावा. अर्ज आधीच लेखी द्या, पोच घ्या, आणि तुमच्या वर्गातल्या दोन मुलांना फोटो घेऊन पुढच्या रांगेत बसवा.