हेवी ड्युटी पिकअप निवडताना या चुका टाळा

फोर्ड एफ-२५०, रॅम २५०० की शेवरले सिल्व्हरॅडो २५०० एचडी, हा वाद अमेरिकेत कधीच मिटत नाही. पण या तिघींमध्ये जेवढा फरक आहे, त्याहून जास्त फरक एकाच ब्रँडच्या दोन गाड्यांमध्ये असू शकतो. इंजिन, कॅब, अ‍ॅक्सल आणि ऑप्शन बदलले की गाडीच बदलते. ते न पाहता आधी ब्रँड ठरवला, तर चुकीची गाडी दारात येऊन उभी राहते.

जाहिरातीतला आकडा आपल्या गाडीचा समजणे

फोर्ड ४०,००० पौंड ओढण्याची क्षमता सांगते. ती एफ-४५० ची आहे, तीही रेग्युलर कॅब, ठरावीक पॅकेज आणि गूजनेक हिच (हौद्यात बसवलेली ट्रेलरची जोडणी) असताना. चार दारांची एफ-२५० घेणाऱ्याला तो आकडा बिनकामाचा आहे. ओढण्याची क्षमता मोजायला एसएई या अभियंत्यांच्या संस्थेचे जे२८०७ हे मानक आहे, म्हणून ब्रोशरमधले आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात. मात्र त्या मानकात प्रत्येकी १५० पौंडांची दोनच माणसे धरलेली असतात. तुमचे कुटुंब, कुत्रा आणि हौद्यातली हत्यारांची पेटी त्यात नाही.

खरी मर्यादा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर चिकटवलेली असते. माणसे आणि सामान मिळून किती पौंड चालतील, हे त्या स्टिकरवर लिहिलेले असते आणि तो आकडा फक्त त्याच गाडीचा असतो. सनरूफ, फोर-व्हील-ड्राइव्ह, मोठी कॅब यांचे वजन त्यातून आधीच वजा झालेले असते. गाडी घेतल्यावर बसवलेल्या वस्तूंचे वजन मात्र तुम्हालाच वजा करायचे आहे.

एक हिशेब करून पाहू. भरलेला फिफ्थ व्हील ट्रेलर, म्हणजे हौद्यातल्या हिचला जोडला जाणारा ट्रेलर, १२,००० पौंडांचा आहे. अशा ट्रेलरच्या वजनाचा २० ते २५ टक्के भाग जोडणीच्या पिनवरून थेट हौद्यावर येतो. कमीत कमी धरला तरी तो २,४०० पौंड झाला. हिचचे १५० आणि चार माणसांचे ६५० मिळवले की ३,२०० पौंड होतात. २५०० वर्गाच्या (फोर्डमध्ये एफ-२५०) डिझेल गाडीच्या स्टिकरवर बऱ्याचदा २,००० ते २,५०० एवढेच लिहिलेले असते. म्हणजे ब्रोशरनुसार जो ट्रेलर सहज ओढला जायला हवा, तोच या गाडीला ओव्हरलोड करतो.

असे होते, कारण अनेक २५०० गाड्यांचे एकूण मान्य वजन १०,००० पौंडांच्या आसपास असते आणि डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा काही शे पौंडांनी जड असते. तो फरक सामानाच्या वाट्यातून जातो. मागच्या सस्पेन्शनला हवेचे फुगे (एअर बॅग) बसवले की गाडीचा खाली बसलेला भाग वर येतो, पण मान्य वजन एका पौंडानेही वाढत नाही. अशा वेळी एक पायरी जड असलेली ३५०० वर्गाची गाडी हेच उत्तर आहे, मग ब्रँड कोणताही असो.

ट्रेलर आधीपासून घरी असेल तर अंदाज नकोच. ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल वजनकाट्यावर पुढचा अ‍ॅक्सल, मागचा अ‍ॅक्सल आणि ट्रेलर यांची वजने वेगवेगळी मिळतात. पाण्याच्या टाक्या आणि सामान भरून एकदा ट्रेलर जोडून काटा करा, मग ट्रेलर सोडून फक्त ट्रकचा करा. ट्रकच्या दोन वजनांतला फरक म्हणजे पिनचे खरे वजन.

अ‍ॅक्सल रेशोची सरळ तुलना करणे

चाकाच्या एका फेऱ्यासाठी ड्राइव्हशाफ्ट किती वेळा फिरतो, तो आकडा म्हणजे अ‍ॅक्सल रेशो. ‘रॅमला ३.७३ आहे, शेवरलेला ३.४२ च, म्हणजे रॅम जास्त जोर लावणार’, हे चूक आहे. अ‍ॅक्सल रेशोला गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरने गुणावे लागते. रॅमच्या जुन्या सहा गिअरच्या ६८आरएफई गिअरबॉक्समध्ये पहिला गिअर ३.२३ चा, तर शेवरलेच्या दहा गिअरच्या अ‍ॅलिसन गिअरबॉक्समध्ये ४.५४ चा. गुणाकार रॅमचा साधारण १२ येतो आणि शेवरलेचा साडेपंधरा. २०२५ पासून डिझेल रॅमला आठ गिअरचा नवा गिअरबॉक्स आला, त्यामुळे वापरलेली आणि नवी रॅम एकाच मापाने मोजू नका.

डिझेल हवेच असे गृहीत धरणे

रोजचा प्रवास दहा मिनिटांचा असेल तर डिझेल घेऊ नका, असा आमचा स्पष्ट सल्ला आहे. धुराच्या फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट बराच वेळ तापलेला राहावा लागतो. छोट्या फेऱ्यांत तो तापत नाही, जाळण्याचे काम अर्धवट राहते, फिल्टर तुंबतो आणि शेवटी इंजिनाची ताकद कमी होते. अशा वापराला फोर्डचे ७.३ लिटर किंवा शेवरलेचे ६.६ लिटर पेट्रोल इंजिन जास्त बरे.

डिझेलच घ्यायचे असेल तर इंधन पंप कोणता, हे विचारा. काही डिझेल इंजिनांत असलेल्या सीपी४ या पंपाला वंगण मिळते ते डिझेलमधूनच. डिझेलमध्ये पाणी आले किंवा चुकून पेट्रोल भरले गेले की पंपाचे भाग घासतात आणि धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत पोहोचतो. मग फक्त पंप बदलून भागत नाही. इंजेक्टर, रेल, नळ्या सगळेच बदलावे लागते आणि बिल हजारो डॉलर्सचे येते. शेवरलेने २०१७ च्या ड्युरामॅक्स या आपल्या डिझेल इंजिनापासून हा पंप सोडला. रॅमने तो २०१९ आणि २०२० मध्ये वापरला आणि २०२१ मध्ये पुन्हा जुन्या सीपी३ पंपाकडे वळली. पंप कोणताही असला तरी पाणी वेगळे करणारा फिल्टर वेळेवर रिकामा करा.

वापरलेली गाडी फक्त नावावर घेणे

फोर्डचे डिझेल ‘पॉवर स्ट्रोक’ हे एकच इंजिन नाही. २००३ ते २००७ च्या ६.० लिटरमध्ये ऑइल कूलर तुंबतो, त्यामागून ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडलेला एक्झॉस्टचा वायू थंड करणारा भाग) जातो आणि हेड गॅस्केटही सुटते. २०११ पासूनचे ६.७ लिटर पूर्णपणे वेगळे आहे. ड्युरामॅक्समध्ये २००१ ते २००४ च्या एलबी७ या आवृत्तीचे इंजेक्टर बदनाम आहेत. ते व्हॉल्व्ह कव्हरच्या आत बसतात, त्यामुळे बदलण्याची मजुरीही भारी पडते.

फोर-व्हील-ड्राइव्ह फोर्ड आणि रॅमला पुढे अखंड अ‍ॅक्सल असतो. चाचणीच्या वेळी वेगात खड्ड्यावरून जाताना स्टिअरिंग जोरात थरथरले, तर ट्रॅक बारचे (अ‍ॅक्सल जागेवर धरणाऱ्या दांड्याचे) बुश, बॉल जॉइंट आणि टायरचा बॅलन्स तपासा. नुसता स्टिअरिंग डॅम्पर बदलून दिला असेल तर मूळ दोष तसाच राहिलेला असू शकतो. शेवरलेचे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे, चालवायला मऊ लागते.

शेवटी गाडीखाली वाका. धुराच्या फिल्टरच्या जागी सरळ पाइप असेल तर प्रदूषण-यंत्रणा काढलेली आहे. अमेरिकेत ते फेडरल कायद्याविरुद्ध आहे. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.