लघुसैनिक रंगवताना आणि जमवताना या चुका टाळा

ऐतिहासिक लढाया टेबलावर मांडून खेळणारी मंडळी आमच्या अकोट-तेल्हारा भागात मोजकी आहेत, पण नव्याने या छंदाकडे वळलेला जवळपास प्रत्येक जण कधी ना कधी बिघडलेले लघुसैनिक, म्हणजे या खेळातले छोटे शिपाई, डब्यात घालून माझ्याकडे येतो. ते शिपाई पाहिले की लक्षात येते की हाताच्या चुका त्यांत फार थोड्या असतात. बहुतेक नुकसान हवा, पाणी आणि घाई यांनी केलेले असते. रंगाच्या बाटलीवरच्या सूचना थंड मुलुखातल्या माणसाने आपल्या हवेसाठी लिहिलेल्या असतात. त्या वऱ्हाडात जशाच्या तशा पाळून चालत नाही, हे नवशिक्यांनी पहिल्या दिवशीच समजून घ्यावे.

पावसाळ्यात वार्निशचा फवारा

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहतो आणि तिचे वाईटही सर्वांत जास्त वाटते, कारण ती शेवटच्या टप्प्यावर होते आणि झालेले सगळे काम एका मिनिटात खराब करते. मॅट वार्निशमध्ये चमक मोडणारी अतिशय बारीक पूड असते. कॅन पुरेसा हलवला नाही तर ही पूड गोळा होऊन शिपायांवर उतरते. हवा दमट असेल तर फवाऱ्यातील द्रावक उडून जाताना पृष्ठभाग थंड पडतो, त्यावर हवेतले पाणी धरते आणि ते ओल्या थरातच अडकून पडते. दोन्ही कारणांचा परिणाम डोळ्यांना सारखाच दिसतो: रंगांवर पांढरा धूर बसतो.

शेजारच्या गावात कृषी सेवा केंद्र चालवणारा एक तरुण 1803 मध्ये इंग्रजांशी झालेल्या असईच्या लढाईसाठी शिंद्यांची कवायती पलटण रंगवत होता. त्याचा हात चांगला आहे. लाल कोटाच्या घड्यांवर त्याने उजळ लाल रेषा ओढल्या होत्या, काळ्या चामडी पट्ट्यांच्या कडा करड्या रंगाने उठवल्या होत्या आणि मिशासुद्धा एकेकाच्या वेगळ्या काढल्या होत्या. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे डाव मांडायचे ठरले होते. आदल्या रात्री पाऊस उघडला एवढेच पाहून त्याने ओसरीत पुठ्ठ्यावर सगळी पलटण उभी केली आणि एका दमात फवारा मारून तो झोपला. सकाळी तो पुठ्ठा तसाच धरून माझ्याकडे आला. “काका, सारे शिपाई पांढरेफटक पळले. आता काय करू, सांगा बरं,” एवढेच तो बोलला. मी एक शिपाई उजेडात धरून पाहिला. छातीवर धूर पातळ होता, पण पट्ट्याखाली, काखेत आणि पागोट्याच्या वळ्यांत तो दाट बसला होता आणि काळ्या मिशा राख चोळल्यासारख्या दिसत होत्या.

त्याच कॅनचा दुसरा हात मारला तर पहिला झाकला जाईल, असे त्याचे म्हणणे होते. असे कधीही करू नये. धूर दुप्पट होतो. आम्ही आधी कोपऱ्यातल्या एकाच शिपायावर ब्रशने चमकदार वार्निशचा पातळ हात दिला. पांढरेपणा थरात अडकलेल्या ओलाव्याचा असेल, तर चमकदार वार्निश त्या थरातल्या सूक्ष्म पोकळ्या भरून काढते आणि खालचा रंग पुन्हा दिसू लागतो. त्या शिपायाचा लाल कोट परत आला, म्हणून मग सगळ्या पलटणीला तोच हात दिला. बहुतेक शिपाई वाचले. जिथे पूडच साचली होती तिथे मात्र काही उपाय चालला नाही, आणि त्या घड्या त्याला पुन्हा रंगवाव्या लागल्या. डाव अर्थातच पुढे ढकलला गेला.

माझी स्वतःची रीत अशी आहे की मृग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत मी वार्निशच्या कॅनला हात लावत नाही. त्या दिवसांत आधी चमकदार आणि तो पूर्ण वाळल्यावर मॅट, असे दोन्ही हात ब्रशने देतो. पहिला हात रंगाचे रक्षण करतो, दुसरा चमक मारतो. एरवीही फवारण्यापूर्वी स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीत बोट घालून पाहतो. मीठ ओलसर लागले किंवा त्याच्या गुठळ्या झालेल्या दिसल्या, तर त्या दिवशी फवारणी नाही. मीठ कोरडे असले तरी पहिला फवारा शिपायावर न मारता ज्या प्लास्टिकच्या चौकटीतून शिपाई कापून काढतो तिच्या तुकड्यावर मारतो आणि तो वाळेपर्यंत थांबतो. ज्यांना एवढेही थांबवत नाही, त्यांनी कॅन विकत घेऊच नये.

मे महिन्यातला प्रायमर

प्रायमर म्हणजे रंगाआधी फवारायचा पायाचा हात. उन्हाळ्यात त्याचे नेमके उलटे होते. पारा 45 अंशांच्या पुढे गेला की फवाऱ्यातले थेंब शिपायापर्यंत पोहोचण्याआधीच हवेत वाळतात आणि पृष्ठभाग बोटाला खरखरीत लागतो. त्यावर कितीही जपून रंगवले तरी चेहरा देवीचे व्रण असल्यासारखा खडबडीत उठतो. मे महिन्यात फवारणी उजाडताना, ऊन चढण्याच्या आत करावी आणि कॅन नेहमीपेक्षा थोडा जवळ धरावा. कूलर चालू असलेल्या खोलीत तर मुळीच फवारू नये, कारण तिथे बाहेर कोरडा उन्हाळा आणि आत पावसाळा असतो. कॅनवर 50 अंशांच्या वरच्या तापमानात ठेवू नये असे छापलेले असते. टिनाच्या छताखालची खोली किंवा उन्हात उभ्या असलेल्या स्कूटरची डिक्की तेवढी सहज तापते, आणि दाबाखालचा कॅन फुटणे ही गंमत नव्हे.

खारे पाणी

पूर्णेच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या खारपाणपट्ट्यात बोअरचे पाणी रंगात मिसळणे ही चूक आहे, आणि ती बाहेरच्या कोणाच्याही सूचनेत सापडणार नाही. घट्ट रंगात ती लपते, पण घड्यांत सावली भरण्यासाठी वापरला जाणारा पातळ वॉश याच पाण्याने वाढवला की तो वाळताना कडेला क्षारांची फिकट रेघ सोडतो. नवशिक्यांना वाटते की वॉशच नकली निघाला, आणि ते दुकानदाराशी भांडतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी जे डिस्टिल्ड पाणी तालुक्याच्या ठिकाणी सहज मिळते, ते एक कॅन घेऊन ठेवावे, वर्षभर पुरते. बॅटरीचे आम्लही त्याच दुकानात असते, तेव्हा लेबल वाचूनच उचलावे. ब्रश धुवायला साधे पाणी चालते, पण शेवटचे बुचकळणे डिस्टिल्ड पाण्यात असावे.

साल न ठरवता खरेदी

रंगवण्याच्या चुका पुसता येतात, खरेदीच्या येत नाहीत. आमच्याकडचा जवळजवळ प्रत्येक नवशिका अडगावच्या लढाईपासून सुरुवात करू इच्छितो आणि ते मला मनापासून आवडते, कारण ते रणांगण आमच्या शेतांना लागूनच आहे. पण ‘मराठे विरुद्ध इंग्रज’ एवढाच विचार करून जे मिळेल ते मागवले जाते. इथेच पैसा वाया जातो.

अडगावची लढाई 29 नोव्हेंबर 1803 रोजी दुपार कलल्यावर झाली आणि पाठलाग चांदण्यात चालला. एक गृहस्थ तिच्यासाठी इंग्रज पायदळाचे मोठे खोके घेऊन आले. ते वॉटर्लूचे, म्हणजे 1815 चे शिपाई होते. पुढे उंच पट्टी असलेली त्यांची टोपी 1812 च्या सुमारास आली, तेव्हा ती अडगावात कोणाच्याच डोक्यावर असणे शक्य नाही. शिवाय इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेत गोऱ्या पलटणी थोड्याच होत्या. पायदळाचा मोठा भाग मद्रासच्या देशी पलटणींचा होता. लाल कोट, पायांत मांडीपर्यंतची पांढरी आखूड चोळणी आणि डोक्यावर पागोटे असा त्यांचा वेश होता. सिरसोलीजवळ तोफांचा मारा सुरू होताच यांतल्याच काही पलटणी मोडल्या आणि वेलस्लीने स्वतः पुढे होऊन त्या पुन्हा उभ्या केल्या. हा प्रसंग खेळात आणायचा असेल तर हे शिपाईच हवेत.

मराठ्यांच्या बाजूची चूक अधिक बारीक आहे. पोलमन या गोऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखालच्या शिंद्यांच्या लाल कोटातल्या पलटणी टेबलावर उठून दिसतात, म्हणून त्या हटकून अडगावच्या मांडणीत घातल्या जातात. पण त्या 23 सप्टेंबर 1803 रोजी असईला लढल्या आणि तिथेच मोडल्या. अडगावला शिंद्यांचे होते ते मुख्यतः घोडदळ. पायदळ आणि तोफा नागपूरकर भोसल्यांच्या होत्या आणि दुसऱ्या रघूजींचे भाऊ व्यंकोजी त्यांचे सेनापती होते. भोसल्यांच्या पदरच्या परदेशी पायदळाने इंग्रजांच्या 74 व्या आणि 78 व्या पलटणीवर जो हल्ला चढवला, तो या लढाईतला सर्वांत निकराचा भाग होता. त्यासाठी एक स्वतंत्र तुकडी रंगवावी. ज्यांनी पोलमनच्या पलटणी आधीच घेतल्या आहेत, त्यांनी त्या टाकून देण्याचे कारण नाही. त्यांनी असईची लढाई मांडावी. आणि ज्यांना वेढा खेळायचा आहे, त्यांच्यासाठी 15 डिसेंबर 1803 ला पडलेला गाविलगड आहे. किल्लेदार बेनीसिंग तिथे लढताना मारला गेला.

याला जोडूनच दुसरी खोड सांगतो. एकाच बाटलीतला भगवा सगळ्या पागोट्यांना फासला जातो. कवायती पलटणी सोडल्या तर त्या काळी स्वार आणि प्यादे आपापले कपडे घालून येत असत. मी ढोबळमानाने निम्मी पागोटी न रंगवलेल्या कापसाची, म्हणजे पिवळसर पांढरी ठेवतो आणि उरलेल्यांत निळीचा निळा, मंजिष्ठेचा विटकरी लाल, हळदीचा पिवळा आणि करडईच्या फुलांचा कुसुंबी वाटून देतो. झेंडा भगवा असला की पुरे. तो तेव्हाच उठून दिसतो.

आकाराचेही आधी ठरवावे. 28 मिलिमीटरचे आणि 1:72 प्रमाणाचे शिपाई एका रांगेत उभे केले की बाप-लेक दिसतात. दोन कंपन्यांचे 28 मिलिमीटरचे शिपाईसुद्धा नेहमी जुळत नाहीत, कारण कोणी उंची डोळ्यांपर्यंत मोजतो, कोणी डोक्यापर्यंत. नव्या कंपनीचा माल घेताना आधी एकच पाकीट मागवावे.

आता काही चुका थोडक्यात.

शिपाई ज्या चकतीवर उभा असतो त्या बेसवर शेतातली काळी माती लावू नये. ती ओली असताना फुगते आणि वाळताना आक्रसते, म्हणून शेतात जशी भेग पडते तशी बेसवरही पडते आणि फेव्हिकॉलसकट खपली निघते. नदीची वाळू चाळून, धुऊन, उन्हात वाळवून लावावी आणि काळा रंग वरून द्यावा. नोव्हेंबरअखेरचा वऱ्हाडातला माळ पोपटी हिरवा नसतो, तेव्हा गवत पिवळे घ्यावे.

टेबलावर तोफांचा धूर दाखवायला कापूस घरचाच वापरावा, पण सरकी आणि कस्तर वेचून.

साचा सुटावा म्हणून लावलेले तेलकट द्रव्य धातूच्या आणि रेझिनच्या शिपायांवर राहिलेले असते. साबणाच्या कोमट पाण्याने धुतल्याशिवाय प्रायमर देऊ नये. 1:72 चे मऊ प्लास्टिकचे शिपाई तर धुतलेच पाहिजेत, नाहीतर भाल्यांवरचा रंग पहिल्याच डावात सालासारखा निघतो.

प्लास्टिक सिमेंट फक्त कडक प्लास्टिकला चालते. धातूला आणि रेझिनला सुपरग्लू लावावा.

प्लास्टिकच्या शिपायाचा रंग काढायला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर वापरणाऱ्याच्या हाती चिकट गोळा उरतो.

उन्हाळ्यात रेझिनचा भाला वाकला तर तो मोडून सरळ करू नये. गरम पाण्यात धरून बोटांनी सरळ करावा आणि लगेच थंड पाण्यात बुडवावा.

ब्रशचे टोक जिभेवर ओले करण्याची सवय पहिल्या आठवड्यातच मोडावी.

एका हातात रंग भरून टाकणाऱ्या झटपट रंगांबद्दल मला नेहमी विचारले जाते. घोड्यांसाठी, चामड्यासाठी आणि गोणपाटासाठी ते उत्तम आहेत. लाल कोटाच्या सपाट पाठीवर त्यांचे डाग उठतात आणि ते नंतर झाकणे हे दोन पातळ हात देण्यापेक्षा जास्त कष्टाचे ठरते. ज्याला पहिल्याच महिन्यात शंभर शिपाई उभे करायचे असतात तो या रंगांच्या नादी लागतो आणि पुढे रंगवणेच सोडतो, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. बारा शिपायांची एक तुकडी बेसपासून वार्निशपर्यंत पूर्ण करावी आणि मगच दुसरे खोके फोडावे.

जुन्या संग्रहातले धातूचे शिपाई कोणाकडून मिळाले तर त्यांत शिसे असू शकते, हे ध्यानात ठेवावे. असे शिपाई बंद लाकडी किंवा प्लायवुडच्या कपाटात ठेवले की लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी ते पोखरले जातात आणि त्यांवर पांढरी भुकटी येते. ती बुरशी नव्हे, आणि विषारी असल्याने ती फुंकून किंवा कोरडी घासून काढू नये. मास्क आणि हातमोजे घालून ओल्या ब्रशने ती काढावी, शिपाई डिस्टिल्ड पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा, त्याला प्रायमर द्यावा आणि यापुढे तो हवा खेळती असलेल्या काचेच्या किंवा पत्र्याच्या कपाटात, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवावा.

एसटीने शिपाई नेताना ते कापसात गुंडाळून डब्यात भरू नयेत. कापसाचे तंतू संगिनींत अडकतात आणि काढताना रंग निघतो. बेसखाली रबरी चुंबकाची पट्टी चिकटवून त्यांना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात उभे करावे. चुंबक पुरेसे धरते की नाही हे घरीच डबा आडवा आणि उलटा करून, खाली उशी ठेवून तपासावे, आणि सुटणाऱ्या शिपायाला आणखी एक पट्टी लावावी.